शालेय रसायन प्रयोगशाळेतील सुरक्षित कामकाज (ठाणे व नवी मुंबई)

शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके कोणालाही इजा न होता पार पडावीत म्हणून पाळायच्या पद्धती. रसायनांची साठवण, प्रयोगाआधीची तयारी, हाताळणी, ज्योतीचा व काचसामानाचा वापर, प्रथमोपचार आणि टाकाऊ द्रावणांची विल्हेवाट हे सगळे त्यात येते. अॅप्रन आणि गॉगल ही या कामाची पटकन नजरेत भरणारी बाजू आहे. मात्र अनेक अपघातांची तयारी मुले प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधीच बंद कपाटात झालेली असते, आणि म्हणून प्रात्यक्षिकाच्या तासाइतकेच लक्ष त्या कपाटाकडे द्यावे लागते.

पार्श्वभूमी : ठाणे–बेलापूर पट्ट्यात, तळोज्यात आणि डोंबिवलीत रासायनिक कारखाने आहेत आणि इथल्या कितीतरी मुलांचे पालक तिथे नोकरीला आहेत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत झालेले स्फोट या भागातल्या लोकांच्या चांगलेच लक्षात आहेत. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालयही सीबीडी बेलापूरला आहे. परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. कारखान्यांसाठी ही तारीख ठीक असली तरी शाळांसाठी ती गैरसोयीची आहे, कारण मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा चालू असतात आणि प्रयोगशाळा रिकामी असते. शाळांनी सुरक्षेची उजळणी आणि कपाटाची तपासणी जूनमध्ये, पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आधी करणे जास्त उपयोगाचे.

साठवण आणि दमट हवा : मे महिन्याची सुट्टी आणि त्यानंतरचा पाऊस हा इथल्या रसायनांच्या कपाटाचा सर्वात वाईट काळ. बंद खोलीत उन्हाळाभर तापलेल्या संहत अमोनियाच्या बाटलीत वायूचा दाब साठतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे हळूहळू विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे तिथेही हाच धोका असतो. जूनमध्ये अशी बाटली घाईने उघडली तर झाकणाबरोबर द्रावण तोंडावर उडते. अमोनियाची बाटली आधी गार पाण्यात ठेवावी, मग गॉगल घालून, झाकणावर ओले फडके धरून आणि तोंड दुसरीकडे करून ती सावकाश उघडावी. हे काम शिक्षकांचे किंवा परिचरांचे आहे, मुलांचे नव्हे.

पाऊस सुरू झाला की कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड हवेतले बाष्प ओढून घेतात आणि बरणीतच त्यांचे पाणी होते. कपाटाच्या फळीवर ओघळलेल्या या कॉस्टिकला बोट लागताच कातडी बुळबुळीत होते. ती भाजत असते, पण सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मूल हात धुवायला जात नाही. चिकटवलेली लेबले याच दिवसांत सुटून पडतात. नाव नसलेल्या बाटलीत काय आहे याचा अंदाज बांधत बसू नये. ती बाजूला काढून ‘अज्ञात’ असे लिहावे आणि टाकाऊ रसायनांत जमा करावी. लेबलावर रसायनाचे नाव, सूत्र, संहती, तयार केल्याची तारीख आणि करणाऱ्याची सही असावी व वरून पारदर्शक पट्टी लावावी. सूत्र हवेच, कारण सोडियम सल्फेट आणि सोडियम सल्फाइड या बरण्या शेजारी असल्या की गडबडीत चूक होते, आणि सल्फाइडवर आम्ल पडले की विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्यासारख्या त्याच्या वासाचाही भरवसा धरता येत नाही. वायूचे प्रमाण वाढले की नाकाला तो वास येईनासाच होतो.

बाटल्यांवर पांढरी पूड बसलेली दिसली तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एकाच कपाटात आहेत असे समजावे. दोघांच्या वाफा भेटून अमोनियम क्लोराइड तयार होते आणि धूळ बसावी तसे ते सगळ्यांवर बसते. नायट्रिक आम्ल स्पिरिट, ॲसिटिक आम्ल व ॲसिटोनपासून लांब ठेवावे. आम्लांच्या जड बाटल्या सर्वात खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवण्याचा नियम योग्यच आहे. पाण्याशी पेट घेणारा सोडियम मात्र तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत कधीही खाली ठेवू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात इथल्या सखल भागांत किती पाणी चढले होते हे जुन्या रहिवाशांना विचारावे. सोडियम रॉकेलखाली पूर्ण बुडालेला आहे ना, हेही दर महिन्याला पाहावे.

प्रयोगाआधी : पहिली तपासणी नळाची. पाणीकपातीच्या किंवा शटडाउनच्या दिवशी टाकीत पाणी नसेल तर संहत आम्ल-आम्लारींचे प्रात्यक्षिक घेऊ नये, कारण अशा अपघातात पाणी हाच पहिला उपचार असतो. सुती अॅप्रन, बंद बूट, बांधलेले केस आणि गाठ मारून आत खोचलेली ओढणी हवी. नायलॉन-टेरिलीनचे कपडे पेटल्यावर वितळून अंगाला चिकटतात. ऑक्टोबर हीटमध्ये घामाने हैराण झालेली मुले गॉगल कपाळावर सरकवतात. हे इतके नेहमीचे आहे की त्यासाठी फेरी मारणारी एक व्यक्ती बॅचमध्ये हवीच.

बारावीचे बरेचसे विद्यार्थी वर्षभर क्लासला जातात आणि बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली की राहिलेले प्रयोग चार-सहा बैठकांत उरकतात. याला सोय म्हणणे चूक आहे. ब्युरेट (द्रावण मोजून थेंबाथेंबाने सोडण्याची तोटीची काचनळी) कसे धरायचे हेही ज्याच्या हाताला माहीत नाही, त्याच्या हाती संहत नायट्रिक आम्ल देण्याचा तो प्रकार आहे.

हाताळणी : संहत सल्फ्युरिक आम्ल साधारण ९८ टक्के असते आणि त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.८४ पट असते. त्यावर पाणी ओतले तर पाणी वर तरंगते, दोघांच्या सीमेवर प्रचंड उष्णता निर्माण होते, पाणी तिथल्या तिथे उकळते आणि आम्लासकट उडते. म्हणून आम्लच पाण्यात टाकावे, बारीक धारेने, ढवळत; भांडे उष्णता सोसणाऱ्या काचेचे असावे आणि ते गार पाण्याच्या टबात ठेवावे.

हा नियम मुलांना तोंडपाठ असतो, तरी बेसिनपाशी तो मोडला जातो. नायट्रेटच्या ‘ब्राउन रिंग’ चाचणीत परीक्षानळी तिरपी धरून तिच्या कडेने आम्ल हळूच सोडतात. ते तळाशी बसते आणि सीमेवर तपकिरी कडे दिसते. निरीक्षण जर्नलमध्ये लिहिले की मूल ती नळी उचलते आणि थेट नळाखाली धरते. तळाशी जवळजवळ निव्वळ आम्ल असते आणि त्यावर पाण्याची धार पडते. नळी आधी थंड होऊ द्यावी आणि आतले द्रावण मोठ्या चंचुपात्रातल्या भरपूर पाण्यात हळूहळू ओतावे. हे टेबलावरच करून दाखवायला हवे. नुसते फळ्यावर लिहून चालत नाही.

कार्बनी संयुगांच्या चाचण्यांत दोन रिएजंट (चाचणीसाठी घालायची रसायने) विशेष जपायचे. अल्डिहाइडसाठी वापरायचा टॉलेन्स रिएजंट ताजा आणि लागेल तेवढाच करावा. ठेवून दिल्यास त्यात सिल्व्हर नायट्राइडसारखे स्फोटक पदार्थ तयार होतात. उरलेला रिएजंट लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून निकामी करावा. दुसरा २,४-डीएनपी (२,४-डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन). तो कोरडा झाला की घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. बाटलीच्या झाकणाभोवती सुकलेल्या नारिंगी कडा दिसल्या तर झाकण पिळू नये, शिक्षकांना सांगावे.

पिपेट (ठरावीक मापाचे द्रावण ओढून घेण्याची काचनळी) तोंडाने ओढणे पूर्ण बंद करावे, रबरी फुगा वापरावा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, आणि परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये (एका द्रावणात दुसरे मोजून सोडत त्याची संहती काढण्याच्या प्रयोगात) तेच पिपेटमध्ये असते.

ज्योत आणि काच : जळत्या स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट भरू नये आणि दिवा फुंकून न विझवता टोपणाने विझवावा. उजेडात त्याची ज्योत नीट दिसत नाही. बर्नर चालू असताना पंखे बंद, खिडक्या उघड्या. गॅस कोणता आहे हेही माहीत असावे. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो, तर सिलिंडरमधला एलपीजी जड असतो, तो जमिनीलगत टेबलांखाली साचतो. गळतीचा संशय आला तर पंख्याचे किंवा दिव्याचे बटण चालू-बंद करू नये.

परीक्षानळी तापवताना ती एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, हलवत तापवावी आणि तिचे तोंड शेजाऱ्याकडे नसावे. काचनळी रबरी बुचात घालताना तळहात चिरण्याचे प्रकार होतात. नळीला ग्लिसरीन लावून, हाताला फडके गुंडाळून, नळी बुचाच्या अगदी जवळ धरून फिरवत घालावी.

प्रथमोपचार : डोळ्यात काही उडाल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आम्ल त्वचेवर पडल्यास भिजलेले कपडे काढून पाणीच ओतत राहावे. त्यावर सोडा चोळू नये, भाजलेल्या जागी हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२.

टाकाऊ द्रावणे : ठाणे खाडीत २०१५ मध्ये जाहीर झालेले, १,००० हेक्टरपेक्षा मोठे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. शिसे, क्रोमियम, बेरियम किंवा चांदी असलेली द्रावणे बेसिनमध्ये ओतली तर सांडपाणी प्रक्रियेनेही हे धातू नाहीसे होत नाहीत, ते गाळात किंवा खाडीत जातात. प्रत्येकासाठी वेगळी बरणी ठेवावी आणि अधिकृत संस्थेमार्फत विल्हेवाट लावावी. साधी आम्ले धुण्याच्या सोड्याने उदासीन करून भरपूर पाण्याबरोबर सोडता येतात. अमोनियम डायक्रोमेटचा ‘ज्वालामुखी’ विज्ञान प्रदर्शनांतून कायमचा काढून टाकावा. त्या ठिणग्यांबरोबर कर्करोगकारक क्रोमियमची धूळ पहिल्या रांगेतल्या मुलांच्या श्वासात जाते.

नोंदवही : सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळांत एक बॅच गेली की दुसरी येते. तापलेली तिवई, सांडलेले आम्ल किंवा फुटलेली काच पुढच्यांच्या हाती लागू नये म्हणून किरकोळ घटनाही वेळ, टेबल आणि रसायनासह लिहून ठेवावी. नोंद करणाऱ्याला बोलणी बसत असतील तर वही कोरी राहते. एखाद्या टेबलाच्या किंवा एखाद्या प्रयोगाच्या नोंदी वरचेवर दिसू लागल्या तर पुढच्या जूनची रसायनांची मागणी लिहिण्याआधी तो प्रयोग कमी मात्रेत, थेंबांच्या प्रमाणात बसवता येतो का ते पाहावे.