तडजोड हुकूमनामा आणि वादीचे हक्क

दिवाणी दावा निकालापर्यंत न ताणता वादी-प्रतिवादींनी आपसांत मिटवला आणि त्या अटी न्यायालयाने नोंदवून घेतल्या, की तडजोड हुकूमनामा होतो. बोलण्यात सरसकट ‘दावा बाहेर मिटला’ म्हणतात. वादीला मात्र नुसते बाहेर मिटणे आणि मिटल्याची कोर्टात नोंद होणे यांतला फरक फार महागात पडू शकतो.

कोकणात हे नेहमीचे आहे. जमीन तुकड्यातुकड्यांची, सातबाऱ्यावर नावांची रांग, निम्मे हिस्सेदार मुंबईत. भांडण गडग्याचे म्हणजे दगडी कुंपणाचे, पाखाडीचे म्हणजे पायवाटेचे, नाहीतर आंब्याच्या कलमांच्या उत्पन्नाचे. तडजोड बहुधा गणपतीत किंवा शिमग्यात ठरते, कारण चाकरमानी तेव्हाच घरी असतात. पडवीत बैठक होते, शब्द दिला जातो, आणि पुढच्या तारखेला वादी ‘दावा चालवणे नाही’ अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन मोकळा होतो.

घोटाळा होतो तो इथेच. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २३ प्रमाणे नव्याने दावा करण्याची मुभा न मागता दावा काढून घेतला, तर त्याच कारणावर त्याच प्रतिवादीविरुद्ध पुन्हा दावा करता येत नाही. शेजाऱ्याने कबूल केलेला गडगा मागे घेतलाच नाही, तर वादीच्या हाती उरतो तो पडवीतला शब्द. वाटणीच्या दाव्याला हा अडसर सहसा येत नाही. मिळकत सामाईक आहे तोवर वाटणी मागण्याचा हक्क जिवंत असतो.

म्हणून वादीचा पहिला हक्क म्हणजे तडजोड त्याच आदेशाच्या नियम ३ खाली नोंदवून घेणे. १९७६ च्या दुरुस्तीपासून अशी तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असावी लागते. दावा प्रलंबित असताना प्रतिवादी सही करून उलटला, तर तडजोड झाली की नाही हे तेच न्यायालय ठरवते. तडजोडीत दाव्याबाहेरची मिळकतही घेता येते. पण ती स्थावर असेल, समजा दाव्यात नसलेली काजूची बाग, तर नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. दाव्यातल्याच जमिनीपुरत्या हुकूमनाम्याला नोंदणी कायद्यात सूट आहे.

संमती वादीची स्वतःची हवी. पक्षकाराच्या स्पष्ट अधिकाराशिवाय वकिलाने त्याच्या वतीने तडजोड करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. मुंबईहून दर तारखेला येणे न जमणाऱ्याने वकीलपत्र वाचूनच सही करावी. वादी अज्ञान म्हणजे अल्पवयीन असेल, तर त्याच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. गावकीने समेट घडवला तर उत्तमच, पण ‘दावा काढ, नाहीतर वाळीत टाकू’ ही भाषा समेटाची नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

एकदा हुकूमनामा झाला की मन बदलून उपयोग नाही. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, आणि तडजोड बेकायदेशीर होती म्हणून तो रद्द करायला वेगळा दावाही लावता येत नाही. फसवणूक झाली असेल, तर ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली तिथेच अर्ज करावा लागतो. लोकन्यायालयातला निवाडाही हुकूमनाम्यासारखाच मानला जातो. त्यावरही अपील नाही, मात्र भरलेली कोर्ट फी परत मिळते. छोट्या दाव्यांत लोक ती मागायला विसरतात.

प्रतिवादीने अट मोडली तर वादीला नवा दावा लावावा लागत नाही. तो अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करतो. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे. पाखाडी अडवू नये अशी कायमची मनाई असेल, तर मुदतीचे बंधन नाही. जमिनीचा हक्क बदलला असेल, तर हुकूमनाम्याची नक्कल तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा लागतो. तो आपोआप होत नाही, आणि सातबाऱ्यावर जुनीच नावे चालू राहतात.