'आवा' कोण आणि सैनिक कल्याण कार्यालय कोण?

काटोलकडच्या एक मावशी उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. तिच्यात नवऱ्याचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेचं पुस्तक), घड्या पडून फाटायला आलेली पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स आणि आधार कार्ड. आम्ही चार-पाच जणी, सगळ्या निवृत्त जवानांच्या बायका, दर शनिवारी असल्या कागदांचा अर्थ लावून देतो. मानधन नाही, दारावर पाटीही नाही. त्या दिवशी गर्दी होती. मी घाईघाईत सांगून टाकलं, "कामठीला जा मावशी, तिथे आर्मीच्या मॅडम असतात, त्या करतील."

पुढच्या शनिवारी मावशी परत हजर. "तुमी धाडलं ना मले कामठीले? चा देल्ला, बसोलं, लय गोड बोलल्या. पन हे काम त्यायच्याकडचं नाही म्हने."

चूक सरळसरळ माझी होती. बारा वर्षं फॅमिली क्वार्टरमध्ये काढलेली बाई मी, मला या मॅडमची 'आवा' आणि सरकारचं सैनिक कल्याण कार्यालय यांतला फरक कळायला हवा होता. पण नागपुरात ही गल्लत घरोघरी होते, कारण आपल्याकडे लष्कर म्हणजे कामठी. गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथे, छावणी तिथे, मग सैनिकाचं कुठलंही काम तिथेच होणार असं वाटतं. शिवाय दोन्हीकडे 'कल्याण' हाच शब्द. एकीकडे मराठीत, एकीकडे 'वेल्फेअर' म्हणून.

आवा म्हणजे आर्मी विमेन वेल्फेअर असोसिएशन, लष्करातल्यांच्या बायकांची स्वयंसेवी संघटना. 1966 सालची. सरकारी खातं नव्हे. वर लष्करप्रमुखांच्या पत्नी, आणि तिथून खाली उतरत पलटणीत कमांडिंग ऑफिसरच्या पत्नी, अशी तिची उतरंड. जवानांच्या बायका 'आवा' असं क्वचितच म्हणतात. "आज वेल्फेअर आहे" एवढंच. मे महिन्यात दुपारी चारला इस्त्रीची साडी नेसून वेल्फेअरला जाणं काय असतं, ते कामठीत राहिलेलीलाच विचारा! तिथे शिवणकामाचे, बेकरीचे, कॉम्प्युटरचे वर्ग चालतात. विशेष मुलांसाठी 'आशा' शाळा आहेत. वीरनारींच्या घरी जाऊन भेट घेणं हे तर नेमाचं काम. हवाई दलाची अशीच संघटना वेगळी आहे. त्यामुळे ज्यांचे यजमान वायुसेनानगरातून निवृत्त झाले त्यांनी 'आवा'चं नाव घेऊन विचारलं की आणखी एक घोळ होतो.

या बायकांकडे अधिकार नसतो, ओळख असते. कुणाचा नवरा सीमेवर आहे, कुणाचं पोर आजारी आहे, कुणाला मिलिटरी हॉस्पिटलात सोबत लागेल, हे त्यांना आधी कळतं. अडचण एकच. दोन-तीन वर्षांत साहेबांची बदली होते आणि मॅडमही जातात. तुमची सगळी कहाणी ऐकून घेतलेली बाई उद्या पठाणकोटला असते, आणि नव्या मॅडमना पहिल्यापासून सांगावं लागतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मात्र कुठे जात नाही. ते राज्य सरकारचं, पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाखालचं. प्रमुख असतात जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, स्वतः निवृत्त फौजी. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष. हाताखाली कल्याण संघटक असतात, ते तालुक्यांतून फिरतात. माजी सैनिकाचं आणि त्याच्या पश्चात विधवेचं ओळखपत्र इथे मिळतं. पाल्याच्या शिक्षणासाठी लागणारा दाखला इथला. 2020 पासून राज्यात माजी सैनिकाच्या आणि सैनिक विधवेच्या घरपट्टीला माफी आहे. तिच्यासाठी लागणारं प्रमाणपत्रही इथूनच.

पेन्शन न मिळालेल्यांना तर या कार्यालयाशिवाय दारच नाही. कमी वर्षांची नोकरी करून आलेले कितीतरी जण विदर्भात शेतमजुरी करत म्हातारे झाले. वय 65 च्या वर, हुद्दा हवालदारापर्यंतचा, पेन्शन नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा 4,000 रुपये मिळायचे. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ते 8,000 झाले. अर्ज जातो जिल्ह्यातूनच. आवाकडे कितीही फेऱ्या मारल्या तरी हे पैसे सुटायचे नाहीत, कारण ते त्यांच्या हातात नाहीत.

7 डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरतो, त्याचंही तसंच. लाल, गडद निळा, फिका निळा असं चिमुकलं निशाण खिशाला लावतात ना, ते पैसे मॅडमच्या संघटनेला जातात असं मला एका शिक्षिकेने ठामपणे सांगितलं होतं. तो निधी गोळा होतो सैनिक कल्याण कार्यालयामार्फत.

'वीरनारी' या शब्दाने गुंता आणखी वाढतो. युद्धात किंवा मोहिमेवर ज्यांचे पती गेले त्या वीरनारी. निवृत्तीनंतर आजाराने पती गेलेली ती माजी सैनिकाची विधवा. मानाचा प्रश्न बाजूला ठेवा, पेन्शनच वेगळी आहे. पहिलीला पतीच्या शेवटच्या वेतनाइतकी उदारीकृत कुटुंब पेन्शन, दुसरीला त्या वेतनाच्या साधारण 30 टक्के. फॉर्मवर चुकीच्या रकान्यात खूण केली की अर्ज फिरून येतो.

आता मावशींचं. त्यांचं काम खरं म्हणजे या दोघांपैकी कुणाच्याच हातचं नव्हतं. पती वारले, पण कुटुंब पेन्शन सुरू होईना, कारण रेकॉर्डला माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव चाळीस वर्षांनी असं आडवं आलं. पेन्शन मंजूर होते प्रयागराजला, आणि नाव दुरुस्त करतं त्या-त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. पती महार रेजिमेंटचे, म्हणजे रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला. कामठीत गार्ड्सचं रेकॉर्ड आहे, महारचं नाही! आम्ही प्रतिज्ञापत्र करून घेतलं, लग्नाचा पुरावा जोडला, आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज सागरला गेला.

कामठीच्या त्या मॅडम मात्र मावशींना अजून फोन करतात. "काई काम नसते, नुसतं जेवल्या का इचारते," मावशी सांगत होत्या. मी मनातल्या मनात खजील झाले, कारण मी अर्ज पाठवल्यावर एकदाही तसा फोन केला नव्हता.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना शनिवारी येताना बाकी कागद जमतील तसे आणायला सांगा, पण डिस्चार्ज बुक विसरू नका म्हणावं. त्यावर रेजिमेंट लिहिलेली असते. आता मी आधी तेच उघडते आणि मगच कुठे जायचं ते सांगते.