बांगड्याच्या डोक्यांना सोडणाची सोबत

गणपतीची चवथ आटोपली, घरात पुन्हा बांगडे यायला लागले आणि चौथ्याच दिवशी आमच्या खतमडक्याला वास सुटला. त्याआधी श्रावणभर त्याच मडक्यात भाजीची देठं, केळीच्या साली, चहाचा चोथा निमूट मुरत होता. मासळीची घाण कचऱ्याच्या गाडीतच द्यावी, असं घरच्यांचं म्हणणं पडलं. घरगुती खताबद्दलचा नेहमीचा सल्लाही तोच असतो: मासे, मटण नको. पण आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, जेवण गोड लागत नाही. तिथे हा सल्ला मानला तर सगळ्यात लवकर कुजणारा कचराच घराबाहेर जातो. मग कापडी पिशवीतून पोदेराचे पाव आणून आणि स्टीलच्या बाटल्या वापरून 'शून्य कचरा' म्हणण्यात मला तरी फारसा अर्थ वाटत नाही.

वास येतो कुठून? समुद्रातला मासा खाऱ्या पाण्यात पेशींचा तोल राखण्यासाठी ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं बिनवासाचं द्रव्य अंगात बाळगतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि हाच तो ओळखीचा वास. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. मासे कापून झाल्यावर हाताला लिंबू चोळतात, त्यामागचं रसायनशास्त्र एवढंच आहे.

मडक्यात मात्र त्याहून मोठा प्रश्न नायट्रोजनचा असतो. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि प्रथिनं बांधायला नायट्रोजन. नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग असले की त्यांचं काम सुरळीत चालतं. माशांच्या डोक्या-आतड्यांत कार्बन जेमतेम चार-पाच भाग असतो. नायट्रोजन जिवाणूंच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि उरलेला अमोनिया होऊन नाकाला झोंबतो.

नारळाच्या सोडणाचं, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचं, नेमकं उलट. काथ्या काढताना जो तपकिरी भुसा गळतो, त्यात नायट्रोजनच्या शंभरपटीच्या आसपास कार्बन असतो, वर लाकडाला टणकपणा देणाऱ्या लिग्निनचं चिवट कवच. नुसता ढीग करून ठेवला तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. एकाकडे जे उतू जातं त्याचीच दुसऱ्याला टंचाई! माडाच्या आळ्यात तारले (छोटी मासळी) आणि मीठ घालायची, सोडणं पुरायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मडक्यात आपण तेच छोट्या मापात करतो.

आता मूठभर मासळीच्या घाणीला मी तीन-चार मुठी सोडणाचा भुसा घेते. खाली थर, वर जाड थर, मधे मासळी. डोकं-शेपूट वरून दिसता कामा नये. पहिल्या आठवड्यातच वास गेला. मोठी हाडं मात्र महिनोन् महिने टिकतात, ती चाळून पुन्हा पुढच्या मडक्यात टाकायची.

पावसात आणखी एक गोष्ट घडते. कचऱ्यातल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची वाट अडते, कारण हवेतून तो जितका भराभर पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू ताबा घेतात. त्यातून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड येतो आणि मिथेनही तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापमान वाढवतो. मडगावच्या सोनसोड्याचा कचऱ्याचा ढिगारा २०१९ च्या मे महिन्यात पेटला आणि दिवसेंदिवस धुमसत राहिला, तो धूर आपल्यातल्या अनेकांनी गिळला आहे. साळगावच्या कचरा प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्यापासून बंदिस्त टाक्यांत वायू काढून वीज करतात. तिथे हाच मिथेन कामाला येतो. उघड्या ढिगात तो फक्त निसटतो किंवा पेटतो.

मडक्यात कधी कधी पांढुरक्या, जाड अळ्यांची वळवळ दिसते. घाबरून सगळं फेकून देऊ नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. ओला कचरा त्या झपाट्याने फस्त करतात, आणि मोठी झालेली माशी घरमाशीसारखी आपल्या अन्नावर घोंघावत नाही. अळ्या फार वाढल्या तर समजावं की ओल जास्त झाली, भुसा वाढवायला हवा.

एक फसगत सांगायला हवी. मोठ्या ढिगाचं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. मडकं लहान, त्यातली उष्णता निसटून जाते. त्यामुळे बिया मरत नाहीत आणि आमच्या खतातून टोमॅटोची रोपं आपोआप उगवतात. आणि म्हणूनच 'कंपोस्टेबल' छापलेल्या बऱ्याचशा पिशव्या घरच्या मडक्यात जशाच्या तशा राहतात. अशा पिशव्यांत असणारं पॉलिलॅक्टिक आम्लाचं प्लास्टिक कुजवायला साठ अंशांच्या आसपासची सलग उष्णता लागते. पातोळ्यांची हळदीची पानं आणि चवथीनंतर उतरवलेली माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-पानांची आरास) मात्र चिरून टाकली की काही महिन्यांत माती होते. माटोळीच्या तारा-सुतळ्या आधी नीट सोडवायच्या, एवढंच.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. त्यानंतर मासळीही भरपूर येते आणि हवेतली ओलही असतेच, पण कोरडा भुसा तेव्हा कुठेच मिळत नाही. म्हणून आमच्या पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीत सोलं, मीठ, सुकी सुंगटं यांच्या बरोबरीने आता सोडणाच्या भुशाच्या दोन गोणी मे महिन्यातच पडवीत रचलेल्या असतात.