डिझेल गाडी शर्यत जिंकू शकत नाही, हा समज

‘डिझेलचे इंजिन ओझे वाहण्यासाठी असते, शर्यतीत ते पेट्रोलपुढे टिकत नाही,’ हा मजकूर इंदूरच्या मराठी गटांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर घाट चढताना रेंगाळणारे ट्रक नेहमी पाहणाऱ्याला तो पटावा, यात नवल नाही.

प्रत्यक्षात फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत २००६ ते २०१४ अशी सलग नऊ वर्षे डिझेल गाड्याच पहिल्या आल्या. शेवटच्या तीन वर्षांत त्यांच्या जोडीला विद्युत मोटरही होती. जुन्या निकालांच्या याद्यांत हे सहज पाहता येते.

डिझेल इंजिन मिनिटाला कमी फेरे घेते हे खरे, परंतु शक्ती केवळ फेऱ्यांवर ठरत नाही. टॉर्कला, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला (न्यूटन-मीटरमध्ये), मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५५० ने भागले की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. पेट्रोलचे ६०० न्यूटन-मीटर ७५०० फेऱ्यांवर घ्या किंवा डिझेलचे १००० न्यूटन-मीटर ४५०० फेऱ्यांवर, उत्तर सुमारे ४७१ किलोवॅटच येते. स्वतःच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकडे घालून पाहावेत. मात्र सर्वाधिक टॉर्कच्या फेऱ्यांवरची ही शक्ती छापील कमाल शक्तीपेक्षा कमी भरेल.

शर्यतीच्या नियमांनी डिझेलला मोठे टर्बो (जास्त हवा दाबून आत भरणारे) इंजिन वापरू देऊन झुकते माप दिले, हा आक्षेप मला रास्त वाटतो. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के अधिक ऊर्जा असते. म्हणूनच २००७ पासून डिझेल गाड्यांची टाकी ९० लिटरवरून ८१ लिटर करण्यात आली, आणि तरीही त्या जिंकत राहिल्या.