फळ कुणाचं? कोल्हापुरातल्या मोकळ्या जागा आणि ‘फूड फॉरेस्ट’ची पूर्वपीठिका

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये एक पेरूचं झाड आहे. त्याच्यावर पिकलेला पेरू मी आजवर एकदाही पाहिलेला नाही. लिंबाएवढा झाला की तोडलाच म्हणून समजा. आपण थांबलो तर दुसरा नेणार, हे शाळकरी पोरांपासून सकाळी फिरायला येणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. समोरच्या बंगल्यातल्या पेरूला मात्र फडकी बांधलेली असतात आणि तो दरवर्षी पिकतो. माती तीच, पाऊस तोच.

शहरातल्या पडीक जागांवर लोकांनी मिळून फळझाडं, भाज्या, कंद आणि वेलींचं खाण्याजोगं रान उभं करायचं, ही ‘फूड फॉरेस्ट’ची कल्पना आता कोल्हापुरातही कानावर येते. चर्चा बहुतेक वेळा ‘कोणती झाडं लावायची’ इथेच अडकते. मागचा इतिहास चाळला तर झाडांचा प्रश्न सोपा निघतो. अडचणीचे प्रश्न दोन आहेत: फळ कुणाचं, आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार.

पहिल्या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आपल्याच भागातलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणारा ग्रंथ, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेलं. त्यातला झाडांबद्दलचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर थेट शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो. पण तो अमात्यांनी शब्दांत बांधलेला आहे, भले त्यामागची रीत महाराजांच्या काळातली असो. आरमाराला लाकूड हवं, आंबा-फणसाचं लाकूड कामाचंही असतं, तरी त्यांना हात लावू देऊ नये, असं त्यात बजावलेलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्याचं कारण. एखादं झाड जीर्ण झालंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. यातला भावनेचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्यातला ‘धनी’ महत्त्वाचा वाटतो. झाड ज्यानं जगवलं त्याचा त्याच्यावर हक्क आहे, हे राज्यसत्तेनं कागदावर मान्य केलं होतं.

पेठांमधल्या जुन्या घरांना मागे परडं असायचं. न्हाणीचं सांडपाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळ, भिंतीला शेवगा, कोपऱ्यात कढीपत्ता आणि लिंबू, मांडवावर दोडका किंवा घेवडा, आणि सावलीत कुणी न लावताही वाढलेली हळद. याला कुणी शास्त्र म्हटलं नाही. पण उंच झाड, त्याखाली बुटकं झाड, मग झुडूप, पालेभाजी, जमिनीतला कंद, जमिनीवर पसरणारं काही आणि वर चढणारा वेल, असे थर त्यात आपोआप असायचे. पेठांत मजले चढले, परडी पार्किंगला गेली, न्हाणीचं पाणी ड्रेनेजला गेलं.

हेच थर इंग्लंडमधल्या रॉबर्ट हार्ट यांनी मोजून सात केले. श्रॉपशरमध्ये साधारण पाच गुंठ्यांत त्यांनी आपली ‘वन-बाग’ उभी केली आणि तिची प्रेरणा म्हणून केरळातल्या घराभोवतीच्या बागांकडे बोट दाखवलं. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ (निसर्गाच्या घडणीवर बेतलेली, टिकून राहणारी शेती) हा शब्द रूढ केला. म्हणजे आज आपल्याकडे परदेशी पाहुणा म्हणून जे येतंय त्याचा अर्धा मुलुख इथलाच आहे.

उरलेल्या अर्ध्यातही एक कोल्हापूरकर आहे आणि त्यांचं नाव या शहरात जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. श्री. अ. दाभोळकर (१९२४-२००१) हे गणिताचे माणूस. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते शिकवत होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. या परिवारात प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या रानात प्रयोग करायचा, नोंदी ठेवायच्या आणि फसलेलं-साधलेलं दोन्ही एकमेकांना कळवायचं. सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांमध्ये ही पद्धत मुरली. १९८५ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

दाभोळकरांचा हिशेब मातीपासून नव्हे, उन्हापासून सुरू व्हायचा. पान म्हणजे ऊन गोळा करणारी फळी. मग एका झाडावर पान किती, ते किती वय झालेलं, त्यावर ऊन किती तास पडतं, हे मोजा. जमीन नसली तरी अडत नाही, माती ‘घडवता’ येते: पालापाचोळा, उसाची चिपाडं, काडीकचरा कुजवायचा, त्यात वेगवेगळं बी पेरायचं, उगवलेलं कापून परत त्यातच घालायचं. नीट केलं तर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागतं, ही त्यांची मांडणी. गच्चीवरच्या शेतीची महाराष्ट्रातली बरीचशी परंपरा या विचारातून फुटली. राडारोडा टाकून निबर झालेल्या शहरी जागेला याहून उपयोगाचं काही मला माहीत नाही. शिवाय आपल्याकडे रसवंतीपासून गुऱ्हाळापर्यंत चिपाडांना तोटा नाही.

पण त्यांचा खरा वारसा खताच्या कृतीत नाही, नोंदवहीत आहे. काय लावलं, कुणी पाणी घातलं, किती मेलं, हे लिहून ठेवणारा गट तयार झाला की पुढचं निम्मं काम झालं. आपल्याकडच्या वृक्षारोपणात खड्डा आणि फोटो एवढ्याचीच नोंद राहते. राज्यानं २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं जाहीर केली. आकडा लावण्याचा होता, जगवण्याचा नव्हे. मियावाकी पद्धतीची, म्हणजे थोड्या जागेत स्थानिक झाडं खेटून लावलेली, घनवनं त्यानंतर लोकप्रिय झाली. ती लवकर दाट होतात, पण ती बघायची असतात. त्यात शिरून भाजी खुडायला वाटच नसते.

सामुदायिक बाजू मात्र परदेशातल्या शहरांत जास्त घासूनपुसून झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७३ मध्ये कचऱ्यानं भरलेला एक कोपरा साफ करून बाग केली. वर्षभरात शहरानं ती जागा महिना एक डॉलर भाड्यानं दिली. अशा बागा वाढत गेल्या. मग जमिनीचे भाव चढले आणि १९९९ मध्ये शहरानं शंभरावर बागा लिलावात काढल्या. त्या वाचल्या त्या दोन संस्थांनी विकत घेतल्या म्हणून. सिअ‍ॅटलचं बीकन फूड फॉरेस्ट २००९ मध्ये पर्माकल्चरच्या एका अभ्यासवर्गातून निघालं, २०१२ पासून उभं राहत गेलं. जागा तिथल्या सार्वजनिक पाणीपुरवठा विभागाची, आराखडा सात एकरांचा, आणि तोडणी कुणालाही खुली. अटलांटातही सात एकरांच्या जुन्या शेतावर असंच रान आहे. ‘सगळं कुणीतरी एकटाच नेईल’ ही शंका तिथेही होतीच. पण नियमानं येऊन काम करणारी माणसं असली की झाड पोरकं राहत नाही, आणि पोरकं नसलेलं झाड कुणी ओरबाडत नाही, असा माझा अंदाज आहे. आमच्या पेरूवरून तरी तसंच दिसतं.

आता कोल्हापूरच्या जमिनीकडे. या शहराला जागा वाया घालवण्याचा नव्हे, बुजवण्याचा इतिहास आहे. कपिलतीर्थ तळं होतं, तिथे आता मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि जोराचा पाऊस झाला की मैदानाला आपला पूर्वजन्म आठवतो. शहराचं क्षेत्र जेमतेम ६७ चौरस किलोमीटर, हद्दवाढीचा वाद पिढीजात. त्यामुळे ‘वापरात नसलेली जागा’ म्हणजे मुख्यतः तीन प्रकार उरतात.

एक म्हणजे लेआउटमधली ओपन स्पेस. मोठ्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती असते, तिच्यावर फलक असतो, कधी एखादा तुटका घसरगुंडीचा पत्रा असतो. दुसरा प्रकार विकास आराखड्यातल्या आरक्षणांचा. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत काही हललं नाही तर आरक्षण उठतं. ही दहा वर्षं जागा नुसती गाजरगवत वाढवते. कलमी आंबा चार-पाच वर्षांत फळाला येतो, पपई तर वर्षाच्या आत. पण खासगी मालकाच्या जागेवर कॉलनीनं झाडं लावली तर जागा परत मिळेल का, ही भीती मालकाला असते आणि ती खोटी नाही. त्यात १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे झाड एकदा वाढलं की तोडायला परवानगी लागते. झाडं वाचवणाऱ्या कायद्यामुळेच मालक झाड लावू देत नाही, हा विनोद नगररचनेत नेहमीचा.

तिसरा प्रकार पंचगंगेच्या आणि जयंती नाल्याच्या काठचा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका; २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, त्यामुळे ही जागा बिल्डरच्या नजरेतून निदान कागदावर सुटलेली. इथे पपई आणि शेवगा लावणं म्हणजे पैसे पाण्यात. मुळाशी पाणी साचलं की दोन्ही जातात. जांभूळ आणि बांबू तग धरतात, आणि अळूला तर ओलच हवी. पूर ओसरल्यावर राहणारा गाळ हे खतच, फक्त त्यात नाल्याचं काय काय मिसळलंय ते तपासल्याशिवाय पालेभाजी खाऊ नये.

राहिला प्रश्न सांभाळणाऱ्यांचा. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवकामागे लागून काम करून घेण्याची सवय तेवढ्यापुरती मोडली. पण कोल्हापुरात सभागृहाहून जुनी एक व्यवस्था आहे: तालीम. शाहू महाराजांच्या आश्रयानं कुस्ती वाढली, आखाडे वाढले, आणि त्यातूनच पेठेचा गणपती, फुटबॉलचा संघ, पुरात बोट घेऊन जाणारी पोरं, सगळं एका कट्ट्यावरून चालू लागलं. जागा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा ती कुणाची म्हणून ओळखली जाते याला इथे वजन आहे. न्यूयॉर्कला ज्या गोष्टीसाठी संस्था काढाव्या लागल्या ती इथे तयार आहे. तालमीला फक्त अळू-पपईत रस वाटला पाहिजे, आणि तो वाटेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. उपनगरांतल्या कॉलन्यांत तालीमही नसते, तिथे महिला मंडळ आणि निवृत्त माणसं, एवढंच बळ.

आमच्या ओपन स्पेसच्या कोपऱ्यात एक नळ आहे. त्याला कुलूप आहे. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत त्याची किल्ली कुणाकडे असते, हे मी यंदा तिघांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली.