क्रॅश झाला की व्होल्टेज वाढवायचं?

‘ओव्हरक्लॉक केलेला पीसी क्रॅश होतोय? व्होल्टेज वाढवा, थांबेल.’ ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या पीसीसाठी हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच पटतो. क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वाढवला की प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागू शकतं. पण उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.२० चे १.३५ व्होल्ट केले, तर त्याच क्लॉकवर सुमारे २७ टक्के जास्त. आणि तापलेली चिप उलट लवकर चुकते.

शिवाय दोष अनेकदा रॅमचा निघतो. आधी बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून तोच लोड (ज्या कामात क्रॅश झाला ते) पुन्हा चालवा. क्रॅश थांबला, तर संशय रॅमच्या सेटिंगवर. नाही थांबला, तर लोड चालू असतानाच तापमान आणि व्होल्टेज बघा (रिकाम्या वेळचा आकडा फसवतो, लोडखाली व्होल्टेज घसरतं). तापमान मर्यादेला टेकलं असेल, तर क्लॉक १०० मेगाहर्ट्झने उतरवून पुन्हा तपासा.