अडतो तो बाहेरचा श्वास

कापसाचा हंगाम सरला की मराठवाड्यात पऱ्हाट्या उपटून घरामागं रचतात. तुराट्या आणि गोवऱ्या त्यांच्या जोडीला. घरात गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अनेक ठिकाणी चुलीवरच होतं. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईला पन्नाशीत हंडा उचलताना धाप लागते, त्याचं मूळ पुष्कळदा या धुरात असतं. आजाराचं नाव सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. जुन्या क्षयरोगानं फुफ्फुसं खराब झालेल्यांनाही तो गाठतो.

वर्षानुवर्षं धूर आत गेला की श्वासनलिका सुजून अरुंद होतात, वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, नाजूक भिंती विरतात. याच भिंती बारीक नलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवत असतात. त्या गेल्या की श्वास सोडताना नलिका मिटतात, हवा आतच कोंडते आणि पुढच्या श्वासाला छातीत जागा उरत नाही. पेशंट म्हणतो, "श्वास घेता येईना." खरी अडचण सोडण्याची असते.

म्हणून स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकलेली हवा मोजायच्या तपासणीत, जोरानं फुंकायला लावतात. नलिका रुंदावणारं औषध देऊनही, एकूण फुंकलेल्या हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर अडथळा कायमचा आहे असं धरतात. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका. सुरुवातीचा आजार त्यात दिसतच नाही.

धाप लागली की नाकानं श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सावकाश सोडावा. या दाबानं नलिका उघड्या राहतात, कोंडलेली हवा निघते. हे घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवावं.

"पंप (इनहेलर) एकदा लागला की सुटत नाही," या भीतीपायी माणसं वर्षं वाया घालवतात, याचं फार वाईट वाटतं. पंपाची सवय लागत नाही. आजारच जुनाट असल्यानं औषध चालू ठेवावं लागतं. नलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, तर पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा मात्र थेट नलिकांत पोचतो, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर आणखी चांगला.

बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी रोजच्या पंपाचा पुरेसा साठा सोबत न्यावा. फडात पाचट पेटलं असेल तर आजारी माणसाला वारा जिकडून येतो त्या बाजूला, धुरापासून लांब बसवावं. आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप मधेच थांबवू नये.